तांबड्या ज्वारीची कळसूबाई

मिरजगावच्या अलीकडं हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की ज्वारीचं एक संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे चार खोल्या, एक पत्र्याची शेड, एक विहीर आणि तीस एकर रान. रानाचा विहिरीकडचा भाग काळाभोर, खुरपं मुठीपर्यंत आत जाईल असा. आणि वरचा भाग मुरमाड, खुरपं टाकलं की ठणकन वाजणारा. या रानात सुमनबाई सतरा वर्षं रोजंदारीवर होती. तेवढ्या काळात साहेब पाच बदलले. नवा साहेब आला की पहिला आठवडा सुमनबाईला ज्वारी शिकवायचा आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिलाच विचारायला लागायचा.

तिला मान होता तो आकड्यांचा. बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरात कायदा केला, की पोरीबाळीसुद्धा शाळेत जातील. सुमन तिसरीपर्यंत गेली. मग शाळा सुटली, आकडे मात्र सुटले नाहीत. संशोधनाच्या पिकात दर ओळीच्या तोंडाशी नंबरपाटी असते, आणि पाटी चुकली की सगळंच मुसळ केरात. एकदा रानडुकरांनी साठ पाट्या लोळवल्या. तेव्हाचा साहेब डोक्याला हात लावून बांधावर बसला. सुमनबाईनं जेवणाच्या सुट्टीआधी साठच्या साठ पाट्या आठवणीनं परत रोवल्या. कागदाशी ताडल्या तर एक इकडची तिकडं नव्हती. तेव्हापासून टोळीतल्या बाकी दहा बायका तिला नंबरवाली म्हणायच्या. काही कौतुकानं, आणि मनकर्णा चिडवायला.

पाचवा साहेब म्हणजे राधाकृष्ण सर. राहात्याकडचे, पेरूच्या बागेत वाढलेले, वय एकोणतीस, बोलताना दोन्ही हात हवेत. त्यांच्या वाट्याला आधीच्या साहेबांनी सुरू केलेलं एक लांबलचक काम आलं होतं. आपली मालदांडी आणि परदेशातनं आणलेली एक तांबड्या दाण्याची ज्वारी, यांचा संकर करून त्यातून सात पिढ्या काढायच्या आणि एकशेचाळीस वाण तयार करायचे. काही वाणांचा दाणा मालदांडीसारखा मोत्यावानी, काहींचा तांबडा. सातही वर्षं कणसांवर कागदी पिशव्या चढवायचं काम सुमनबाईच्या टोळीनंच केलं होतं. आपण कशासाठी पिशव्या चढवतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते सरांनी सांगितलं, एका दुपारी शेडमध्ये, भाकरी खाता खाता.

"सुमनबाई, ज्वारीला तहान लागली की तिच्या पानात एक जनुक बोलायला लागतं. एरवी गप्प असतं. ते बोललं की पानात एक प्रथिन तयार होतं आणि ज्वारीचं उभं ताट तग धरतं. काही वाणांत ते मोठ्यानं बोलतं, काहींत नुसतं पुटपुटतं. किती बोललं ते आपण प्रथिनावरून मोजणार."

"बरं. मंग?"

"मग शोधायचं, ते कुणाच्या सांगण्यावरून बोलतंय."

"आपल्या मनानं न्हाई बोलत?"

"कधी आपल्या मनानं. पण पुष्कळदा त्याला बोलायला लावणारी जागा लांब, भलतीकडंच असते."

सुमनबाईनं घास गिळला. "मंग आमच्या जयमालासारखं हाय. बोलती आमच्या घरात, पर सांगनारी बसलीया पारनेरला." जयमाला तिची सून, आणि पारनेर हे सुनेचं माहेर.

सरांनी भाकरी खाली ठेवली. "हे मला पीएच.डी.त कळायला दोन वर्षं लागली."

"तुमचं लगीन न्हाई ना झालं," मनकर्णा म्हणाली, "म्हनून येळ लागला."

मग सरांनी जमिनीवर काटकीनं दहा रेघा ओढल्या. ज्वारीच्या पेशीत असे दहा धागे, म्हणजे समजा दहा गल्ल्या. गल्लीत ठरावीक अंतरावर खुणा, म्हणजे घरं. दर घरापाशी थांबायचं. ज्या वाणांना या घरी मालदांडीचा तुकडा आला ते एका बाजूला उभे करायचे, तांबडीचा आला ते दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडच्या बोलण्यात फरक पडतो का, ते हिशेबानं बघायचं. फरक जेवढा पक्का, तेवढा कागदावर डोंगर उंच. डोंगर जिथं, सांगणारी तिथंच कुठंतरी राहते.

"म्हंजी घरोघर चौकशी," सुमनबाई म्हणाली.

"घरोघर. आणि दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पण."

सुमनबाईला हे काम पटलं. पुढच्या पेरणीला तिनं सगळी पाकिटं स्वतः भरली, एकशेचाळीस, प्रत्येकावर नंबर.

शहाण्णवच्या सप्टेंबरात चांगला पाऊस पडला आणि रानाला वाफसा आला. पेरण्याजोगी ओल दोन दिवस टिकणार, तिसऱ्या दिवशी रान परत दगड. आणि नेमके त्याच दोन दिवसांत सर मुलगी बघायला गावी गेले. जाताना पेरणीचा नकाशा सहादेवकडं देऊन गेले. सहादेव म्हणजे केंद्राचा कृषी सहाय्यक. त्याची सही आणि त्याची टोपी या दोन गोष्टी सदा तयार असत. नकाशात नंबर वाटेल तसे लिहिलेले. सत्त्याऐंशीशेजारी बारा, बाराशेजारी एकशे तेहेतीस. सरांनी ते मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखे विस्कटले होते, म्हणजे कुठल्या वाणाला काळं रान आणि कुठल्याला मुरूम ते नशिबावर राहावं. हे सहादेवाला सांगितलंही होतं. सहादेवानं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानात तर त्याची विडी असायची.

"हे काय नंबर हायेत का भेळ?" तो म्हणाला. "सुमनबाई, कुठंबी टोका. पाटी बरोबर लावा म्हंजी झालं. मला मिरजगावला बैठक हाय."

आता कुठंही टोका म्हटल्यावर सुमनबाई कुठंही टोकणार नव्हती. तिनं पाकिटं उघडली. पांढरी एका टोपल्यात गेली, तांबडी दुसऱ्यात. पांढरं मोत्यासारखं बी विहिरीजवळच्या काळ्या रानात गेलं, तांबडं वरच्या मुरमावर. काळ्या रानातल्या ओळी संपल्यावर दहाबारा पांढरे वाण नाइलाजानं मुरमाकडं गेले. आणि वरच्या अंगाला एक बुजवलेली जुनी बारव होती, तिच्या खोल मातीत काही तांबडे पडले. पाटी प्रत्येक ओळीला बरोबर. सांजच्याला तिनं दोनदा फेरी मारून खात्री केली.

तांबड्या ज्वारीशी तिचं वैर जुनं होतं. बहात्तर साली ती लग्न होऊन नुकती सासरी आली होती, आणि आल्या आल्या खडी फोडायला गेली. त्या दुष्काळात खायला मिळायची ती बोटीनं आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना तडकायची, तव्यावर विटेसारखी दिसायची आणि घशाखाली जाताना घशाची परवानगी काढून जायची. सुमनबाईनं ती दोन वर्षं खाल्ली. त्यानंतर घरात तांबडा दाणा शिरला नव्हता. सातही वर्षं पिशव्या चढवताना ती तांबड्या वाणांच्या पिशव्या जरा जोरातच टाचायची.

सर परत आले. मुलीकडच्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं होतं. सरांनी सहादेवाची सही पाहिली, शेतात जाऊन पाट्या पाहिल्या, दोन्ही ठीक होतं. नकाशा टेबलावर असायचा आणि पाट्या शेतात. दोन्ही एकमेकांसमोर धरायची वेळ कुणावर आलीच नाही. कणसं आली तेव्हा त्यांवर पिशव्या चढल्या, त्यामुळं खाली अर्धं रान पांढरं आणि वर अर्धं तांबडं झालंय हे फक्त बायकांना आणि पाखरांना ठाऊक.

जानेवारीत ताटांना तहान लागली. एकशेचाळीस वाणांची पानं कापली, मिरजगावच्या कुल्फीवाल्याकडनं बर्फ आणून पेटीत भरली, आणि पेटी मांडीवर घेऊन सर एसटीनं हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेले. कापणी त्यांच्यामागं झाली. एप्रिलात आकडे आले. सरांच्या टेबलावरच्या संगणकानं ते तीन दिवस चघळले आणि एक लांब कागद बाहेर सोडला.

सरांनी तो शेडमध्ये तारेवर टांगला. दहा गल्ल्या, त्यांवर लहानसहान टेकाडं, आणि चौथ्या गल्लीत एकच सुळका, कागदाच्या वरच्या कडेला डोकं लावून बसलेला.

"ही आपली कळसूबाई," सर म्हणाले. नगर जिल्ह्यातल्या माणसानं आणखी काय नाव द्यावं. "आणि सुमनबाई, गंमत म्हणजे ही बरोब्बर दाण्याचा रंग ठरवणाऱ्या जागेवर उभी आहे. तांबडा तुकडा आलेल्या वाणांत जनुक गळा काढून बोलतंय. पांढऱ्यांत गप्प. म्हणजे आता शेतकऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळेल, दुष्काळाला टिकणारी ज्वारी कुठली. तांबडी."

सुमनबाई कागदाकडं बघत राहिली. मुरमावरची ताटं जानेवारीत कशी करपायला आली होती ते तिला दिसत होतं. तहानलेलं ताट बोलणारच. विहिरीजवळचं कशाला बोलेल?

"म्हंजी आता फुडं काय?" तिनं विचारलं.

"पुढं मालदांडीत ही जागा आणायची. सहा-सात वर्षांत गावोगाव तांबडी ज्वारी. मेच्या दहा तारखेला समिती येतेय. त्यांना हे पटलं तर काम तीन वर्षं चालेल. नाही पटलं तर गुंडाळतील."

गुंडाळतील म्हणजे अकरा बायकांना उद्यापासून काम नाही. सुमनबाईला तेही कळलं.

"गप ऱ्हायाचं," मनकर्णा त्या दिवशी वाटेवर म्हणाली. "सायबाला शेंडा सापडला, समिती खुश, आपलं काम चालू. तुझी पाटी तर बरोबर हुती ना?"

"पाटी बरोबर हुती."

"मंग झालं तर. पाटीच्या खाली काय हाय ते रानाला इचारा म्हनावं."

"आनि नातवंडांच्या ताटात मिलो आली तर?"

"सात वर्सांनी येनार. तवर तुजं दात पडत्यात. तुला कशाला चावायची हाय."

समितीच्या दोन दिवस आधी भारती मॅडम आल्या. त्या आकडेशास्त्राच्या, सरांचे आकडे तपासायला पाठवलेल्या. बुटक्या, चष्मा कपाळावर, कुणाचंच काही खरं न मानणाऱ्या. त्यांनी कळसूबाईकडं पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "नशिबानं पण डोंगर उभे राहतात."

सरांचे हात खाली आले.

मॅडमनी तपासणी सांगितली. प्रत्येक वाणाच्या पानातला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या ढवळायच्या आणि कुठल्याही वाणाला कुठलीही वाटायची. आता आकड्याचा आणि गल्लीतल्या घरांचा काही संबंध उरला नाही. तरी हिशेब करायचा आणि बघायचं, सगळ्यांत उंच डोंगर केवढा होतो. असं हजार वेळा. संगणक करेल. संगणकानं चाळीस वेळा केलं आणि वीज गेली.

"तोवर हातानं करू," मॅडम म्हणाल्या. "एका रंगाच्या घरापुरतं. टोपी आणा कुणाची तरी."

सहादेवाची टोपी आली. सुमनबाई डोळे मिटून चिठ्ठ्या काढायला बसली, मॅडम कॅल्क्युलेटर घेऊन.

"आमच्या सरपंचाचं आरक्षन असंच काढलं," सुमनबाई म्हणाली. "पर एकदाच. हजारदा काढलं असतं तर एकदा तरी माझ्यासारखीची चिठ्ठी निघाली असती."

पाच डाव झाले. पाचही वेळा टेकाडाच्या वर काही गेलं नाही. दुपारी वीज आली आणि पाच वाजेपर्यंत यंत्रानं हजार पुरे केले. त्यातला सगळ्यांत उंच खोटा डोंगर कळसूबाईच्या गुडघ्यालाही पोचला नाही. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मानलं. हा योगायोग नाही."

"न्हाईच," सुमनबाई टोपी झटकत म्हणाली.

सरांना वाटलं, बाई आपल्या बाजूनं बोलली. त्यांनी तिच्याकडं असं काही बघितलं, की तिला टोपीत तोंड लपवावंसं वाटलं. योगायोग नाही हे चिठ्ठ्यांनी सांगितलं होतं. मग काय आहे, ते सांगायचं काम चिठ्ठ्यांचं नव्हतं.

दहा तारखेला समिती आली. तीन माणसं, त्यांतले अध्यक्ष पुण्याचे, दणकट, जेवणावर लक्ष असलेले. जेवण करायचं काम नेहमीसारखं बायकांकडं. सुमनबाईनं आदल्या दिवशी शेडच्या कोपऱ्यातलं तांबड्या वाणांचं उरलेलं धान्य सहादेवाला विचारून घेतलं होतं. कशाला म्हणून सहादेवानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं सहीच केली असती.

ताटात पिठलं, ठेचा, कांदा आणि विटेच्या रंगाची भाकरी पडली. अध्यक्षांनी घास मोडला, चावला, बराच वेळ चावला, आणि भाकरी हळूच ताटाच्या कडेला सारली.

"बाई, ही कसली भाकरी?"

"सायेब, ही कळसूबाई."

सर हसले. अध्यक्ष हसले. सुमनबाई हसली नाही.

"तुमी एका घासात ठिवली," ती म्हणाली. "आमी दोन वर्सं खाल्ली. आता तुमी कागदावर सही केली की आमची नातवंडं खातील. खाऊ द्या, दुष्काळाला टिकत आसंल तर खातील. पर ती टिकत न्हाई, सायेब. मी ती मुरमावर लावली म्हनून ती बोंबलली. पांढरी मी हिरीपाशी लावली म्हनून ती गप बसली. नकाशापरमानं लावलंच न्हाई मी. पाटी बरोबर हुती. जागा माझ्या मनाची."

सहादेव टोपी शोधायला उठला. मनकर्णानं कपाळावर हात मारला, पण आवाज न करता. सरांचा चेहरा त्या भाकरीच्या रंगाचा झाला होता. सुमनबाईनं त्यांच्याकडं बघायचं टाळलं. सात वर्षं तिच्याही हातून गेली होती त्या पिशव्यांत.

पहिल्यांदा बोलल्या त्या भारती मॅडम. "सगळीच्या सगळी पांढरी काळ्या रानात?"

"न्हाई. दहाबारा वर गेली, जागा पुरली न्हाई म्हनून. आनि तांबडी आठ बुजवल्याल्या बारवंवर हायेत. तितं माती खोल."

"कुठल्या ओळीखाली माती किती खोल, सांगता येईल?"

"सांगून काय करता? खुरपं घ्या, दाखविती."

भर मे महिन्याच्या उन्हात समिती बांधावर छत्र्या घेऊन उभी राहिली आणि सुमनबाई ओळीओळीनं खुरपं खुपसत गेली. "चार बोटं. चार बोटं. वीत. हितं दगुड. दीड वीत." पिकाचे नुसते खुंट उरले होते, पण पाट्या अजून जागेवर होत्या. मॅडम लिहीत गेल्या. शंभराव्या ओळीला अध्यक्षांनी स्वतः एकदा खुरपं खुपसून बघितलं आणि सुमनबाईचं माप बरोबर निघालं. तेव्हापासून त्यांनी छत्री तिच्या डोक्यावर धरली.

सांजच्याला मॅडमनी मातीची खोली हिशेबात घातली. म्हणजे आधी मातीनं जेवढा फरक पडला तो बाजूला काढला, आणि मग पुन्हा घरोघर चौकशी. यंत्रानं नवा कागद सोडला. कळसूबाई बसली होती. जिथं सुळका होता तिथं बैलाच्या वशिंडाएवढा उंचवटा. पण नवव्या गल्लीत, आधी कुणाचं लक्षही गेलं नव्हतं तिथं, एक टेकडी उभी होती. फार उंच नाही. चिठ्ठ्यांनी उभ्या केलेल्या खोट्या डोंगरांच्या जरा वर.

"हे खरं असू शकतं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे लई झालं.

सुमनबाईनं दारातनं विचारलं, "कुनाचा तुकडा चांगला निघाला?"

"तांबडीचा," सर म्हणाले. तिचं तोंड बघून त्यांनी पुढं जोडलं, "पण रंगाचं घर चौथ्या गल्लीत, हे नवव्या. रंग न घेता गुण घेता येतो. पांढरी भाकरी राहील."

"मंग माझी हरकत न्हाई," ती म्हणाली. जणू तिच्या हरकतीसाठीच काम थांबलं होतं.

समितीनं तीन वर्षं दिली नाहीत. एक वर्ष दिलं, आणि अट घातली की पेरणी पुन्हा व्हावी आणि या वेळी ती चिठ्ठ्या काढूनच, सगळ्यांदेखत. अध्यक्ष जाताना पांढऱ्या भाकरीचं विचारून गेले. सर दोन दिवस सुमनबाईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "तुम्ही नकाशा का नाही पाहिला?" ती म्हणाली, "तुमी शेतात का न्हाई बघितला?" आणि मग काम सुरू झालं. राहात्याच्या मुलीकडनं त्याच आठवड्यात नकार आला. मनकर्णा म्हणाली, "बगा, त्या पोरीलाबी कुनी तरी लांबून सांगतंय."

सप्टेंबरात वाफसा आला तेव्हा सर कुठंही गेले नाहीत. विहिरीजवळ सतरंजी टाकली. सहादेवाची टोपी मधे. टोपीत एकशेचाळीस चिठ्ठ्या. चिठ्ठ्या काढायला सुमनबाईच बसावी, असा अध्यक्षांच्या पत्रात खास उल्लेख होता. पत्र सरांनी वाचून दाखवलं तेव्हा तिनं पदर डोक्यावरून सारखा केला, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही.

पहिली जागा विहिरीच्या कडेची. साऱ्या रानातली सगळ्यांत काळी, सगळ्यांत खोल, जिथं तिनं गेल्या वर्षी रंग बघून बी टाकलं होतं. तिनं डोळे मिटले, टोपीत हात घातला, चिठ्ठी उलगडली.

"सत्तावन्न," तिनं वाचलं.

सत्तावन्न म्हणजे तांबडा. सगळ्या तांबड्यांत तांबडा, पिशवीतसुद्धा लपायचा नाही असा. मनकर्णानं तोंडात पदर कोंबला. सरांनी वहीतनं डोकं वर काढलं आणि टोपीकडं न बघता सुमनबाईच्या हाताकडं बघितलं.

सुमनबाईनं चिठ्ठी पुन्हा वाचली. सत्तावन्नच होता. तिनं पाकीट उघडलं, बी तळहातावर घेतलं आणि विहिरीच्या कडेला जाऊन बसली. एकेक दाणा टोकला, माती सारली, पाटी रोवली, पाटीवर मूठ मारली.

"खा," ती त्या ओळीला म्हणाली. "खा आता. तुझ्या नावाची चिठ्ठी निगालीया." मग हात झटकून सतरंजीवर येऊन बसली आणि दुसऱ्या जागेसाठी टोपीत हात घातला.